जीपचा जीर्णोद्धार

माणसाने पन्नाशी ओलांडली की त्याने कसला तरी छंद लावून घ्यावा, असा उपदेश करणारे हितचिंतक सभोवार पुष्कळ असतात. आणि तो छंद कोणता असावा ह्याविषयी त्यांची मते फार ठाम असतात. प्राध्यापकाने जुनी नाणी जमवावी, गुलाबाची कलमे करावी, फार झाले तर सतार शिकण्यास आरंभ करावा. परंतु त्याने लोखंडाच्या नादी लागू नये. ग्रीस लागलेले हात खडूला शोभत नाहीत, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित समाजात रूढ आहे. ती मोडून काढावी असा माझा बाणा मुळीच नव्हता. पण गेल्या तीन वर्षांतले माझे बहुतेक रविवार एका जुन्या लष्करी जीपच्या सेवेत गेले आहेत, आणि ज्या मित्रांनी आरंभी माझी कीव केली त्यांतले दोघे आता सकाळी आपणहून फडके घेऊन हजर होतात. तेव्हा ह्या छंदाविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे, असे मी धरून चालतो.

अशा उद्योगाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ पूर्वस्थितीला नेणे एवढाच होतो. आपला ‘जीर्णोद्धार’ हा शब्द त्याहून उदार आहे. उद्धार करणाराने किती स्वातंत्र्य घ्यावे ह्याचा त्यात कोठेच निर्बंध नाही. नांदेडहून औंढ्याला जाणाऱ्या कोणालाही हे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. नागनाथाच्या देवळाचे खालचे अंग यादवकालीन, शिल्पांनी खचून भरलेले. वरचे शिखर पुढच्या काळात, निराळ्या हातांनी, निराळ्या रीतीने बांधलेले. जाणकार मनुष्य त्या सांध्याकडे बोट दाखवतो. भाविक ते सारे एकच देऊळ समजून नमस्कार करतो. दोघांचेही बरोबर असावे असे मला अलीकडे वाटू लागले आहे, आणि तसे वाटावयास कारण ही जीप.

ती मला औसा तालुक्यातील एका शेतात भेटली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हुरड्याला बोलावले होते. गोठ्यामागे कडब्याच्या गंजीला टेकून काही तरी उभे होते आणि त्यावर एक शेळी निवांत रवंथ करीत बसली होती. शेळी उठल्यावर खाली सपाट बॉनेट दिसले. त्याच्यापुढे नऊ उभ्या फटींची जाळी. माझ्या पिढीच्या मुलांनी युद्धाचे जे इंग्रजी चित्रपट डोळे फाडून पाहिले, त्यांतून ही नऊ फटींची जाळी आमच्या ओळखीची झाली होती. पुढे खाजगी वापरासाठी ज्या जीपा निघाल्या त्यांना सात फटी असतात. नऊ म्हणजे लढाईतली. विद्यार्थी म्हणाला, “सर, भंगारवाला दोनदा येऊन गेला. आजोबा देऊ देत नाहीत.” आजोबांनी माझ्याकडे नीट पाहून घेतले, मी काय शिकवतो ते विचारले, आणि भंगाराच्या भावाने गाडी द्यावयाचे कबूल केले. त्यांची अट एकच होती: ती पुन्हा चालली पाहिजे. घरी वार्ता सांगताच आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच म्हटले, “अहो, इतकी वर्षे पुस्तके आणलीत ती निदान तेल तरी पीत नव्हती!”

ह्या वाहनाची जन्मकथा कोणत्याही कादंबरीहून चटकदार आहे. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडले आणि अमेरिकन सैन्याला एकाएकी एका हलक्या, चारही चाकांना गती असलेल्या गाडीची निकड भासली. पहिला नमुना अवघ्या एकोणपन्नास दिवसांत हवा होता. बँटम नावाच्या एका लहानशा, डबघाईस आलेल्या कारखान्याने ते आव्हान पत्करले; कार्ल प्रोब्स्ट नावाच्या अभियंत्याने दोन दिवसांत आराखडे रेखाटले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपता संपता, गाडी सैन्याच्या दारात उभी राहिली. पण लहानांच्या कल्पनेवर मोठ्यांनी श्रीमंत व्हावे हा जगाचा न्यायच आहे. सैन्याने ते आराखडे विलीज आणि फोर्ड ह्या बड्या कारखान्यांना दाखवले आणि मोठी कंत्राटे त्यांच्या पदरात पडली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपा बांधल्या. फोर्ड कारखाना इतका मानी, की आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा तो आपल्या नावाचे पहिले अक्षर ठोकीत असे. आमच्या जीपचे काही बोल्ट ह्या अक्षराचे निघाले, काही कोऱ्या डोक्याचे, आणि काही चक्क लातूरच्या बाजारातले. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना अशा संकराची चांगली ओळख असते: एक पोथी पाहून दुसरी लिहिली, तिसरीवरून दुरुस्त केली, आणि आता मूळ कोणते ते शोधीत बसा!

युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेली लष्करी वाहने विक्रीला निघाली आणि ठेकेदार, जमीनदार, शिकारी, सरकारी खाती अशा नाना हातांत गेली. १९४९ साली मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीज जीपा जुळवावयास सुरुवात केली, आणि हे परदेशी जनावर हळूहळू आपल्या गोठ्यातले झाले. जुन्या जीपांचा एक कटू प्रसंगही आपल्या इतिहासात आहे. १९४८ साली लंडनमधील आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन ह्यांनी सैन्यासाठी ज्या जीपांचा करार केला त्या दुरुस्त करून देण्याच्या जुन्या गाड्या होत्या. आलेल्या १५५ गाड्या निरुपयोगी ठरल्या आणि संसदेत वादळ उठले. स्वतंत्र भारताचे पहिले गाजलेले प्रकरण बिघडलेल्या जीर्णोद्धाराचे होते, ही गोष्ट ह्या छंदाच्या माणसाने उशाशी लिहून ठेवावी.

नांदेडला मी ज्यांच्या हाती ही जीप सोपवली त्यांना सारे गाव उस्ताद म्हणते. जुन्या पेट्रोल इंजिनांचा कान असलेली माणसे आता थोडी उरली आहेत. उस्ताद त्यांतले एक. त्यांनी पहिला आठवडाभर गाडीला पाना लावलाच नाही. भोवती फिरत, बोटाने ठोकून, वाकून, हुंगून तिची परीक्षा केली. मग एके रविवारी पत्रा खरवडावयास घेतला. सर्वांत वर गंजप्रतिबंधक तांबडा रंग, त्याखाली निळा, निळ्याखाली करडा, आणि करड्याच्या खाली तो लष्करी हिरवा. चार रंग, चार आयुष्ये. नोंदणीच्या पुस्तकावरून पाहता १९५२ साली ती सोलापूरच्या एका कंत्राटदाराच्या नावे होती. करडा रंग त्याचा. १९६१ मध्ये ती औशाकडे आली. निळा रंग आजोबांच्या वडिलांनी दिलेला. पुढे डिझेल स्वस्त आणि पेट्रोल महाग म्हणून तिचे मूळ इंजिन उतरवून मॅटडोरचे डिझेल इंजिन बसवले गेले. तेव्हा आपल्याकडे जीपांवर आणि अँबॅसडरांवर ही शस्त्रक्रिया सर्रास होत असे. मूळ इंजिन मात्र फेकले गेले नव्हते. गोठ्याच्या कोपऱ्यात, पोत्याखाली, चाळीस वर्षे ते ध्यानस्थ होते.

येथे माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. पुण्याच्या भांडारकर संस्थेत डॉक्टर सुखठणकरांनी आणि त्यांच्यामागून इतर पंडितांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. शेकडो पोथ्या ताडून मागाहून घुसलेले भाग त्यांनी निवडून बाजूला काढले. मी मनाशी ठरवले की आपणही तेच करावयाचे. जे १९४५ नंतरचे ते प्रक्षिप्त. ते काढून टाकावे आणि गाडी शुद्ध करावी. ह्या निश्चयाची एक यादीच मी उस्तादांना नेऊन दिली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि मागच्या पट्टीला झाळलेल्या एका जाड आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, “सर, हे कशाचे, ते आधी त्या आजोबांना विचारा. मग कापू.”

मी विचारले. तो आकडा १९७२ च्या दुष्काळातला. विहिरी आटल्या तेव्हा पाण्याची टाकी ओढण्यासाठी गावच्या लोहाराने तो घडवला होता, आणि ती टाकी गावातल्या सगळ्या वस्त्यांवर फिरत असे. मागच्या उजव्या कोपऱ्याला जी खोल पोच आहे, ती १९९३ ची. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या त्या रुंद भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ह्यांच्या वाड्याचीही एक भिंत जीपवर पडली. दगड उपसून ती बाहेर काढली आणि उजाडल्यापासून रात्रीपर्यंत ती जखमी माणसे लातूरच्या इस्पितळात पोहोचवीत राहिली. आजोबा हे सांगत असता त्यांचा हात त्या पोचेवर होता. उत्तम डेंटर ती पोच तासाभरात बुजवून देईल, ह्यात मला शंका नाही. मी ती बुजवू दिली नाही.

चिकित्सक आवृत्तीचे एक वैशिष्ट्य माझ्या यादीत उतरावयाचे राहिले होते, ते आता मला उमगले. भांडारकरी पंडितांनी प्रक्षिप्त म्हणून वगळलेला मजकूर जाळून टाकलेला नाही. तळटिपांत आणि परिशिष्टांत त्यांनी तो ओळीनिशी जपला आहे. ज्याला हवे त्याने तो वाचावा. तेव्हा डिझेल इंजिन आम्ही काढले, पण विकले नाही. विद्यार्थ्याच्या विहिरीवर ते आता पंप चालवते. आकडा ठेवला. पोच ठेवली. सामान ठेवण्याच्या कप्प्याच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा हिरवा रंग न खरवडता तसाच राखला. ह्याला मी माझ्या आवृत्तीच्या तळटिपा म्हणतो.

रंगाचा निर्णय तर सरकारनेच सोपा करून टाकला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ वा नियम असे सांगतो की, संरक्षण खात्याच्या वाहनांवाचून दुसऱ्या कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह हिरवा रंग देता येणार नाही. म्हणजे लष्करी जीपला तिचाच मूळ रंग देणे हा कायदेभंग! शुद्ध पाठाच्या अभिमान्यांना ह्याहून मोठी चपराक कोणती? आम्ही निळा रंग दिला. औशाच्या शिवारात ज्यांनी तिला ओळखले त्यांनी निळ्या रंगानेच ओळखले होते.

कायद्याच्या गंमती एवढ्यावर संपत नाहीत. जीपचे सुकाणू डाव्या हाताला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२० वे कलम म्हणते की, अशा गाडीला वळण्याची खूण देणारे यांत्रिक वा विजेचे साधन चालू स्थितीत असलेच पाहिजे. म्हणून जिला १९४३ साली असले दिवे ठाऊक नव्हते, तिच्या कपाळी पिवळे दिवे आले. त्यासाठी सहा व्होल्टची वीजव्यवस्था बारा व्होल्टची करावी लागली. मूळ कारखान्याच्या तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले आहे. त्यामुळे इंजिन परत बदलताना परवानगी आणि नोंद ह्यांचा सोपस्कार यथासांग करावा लागला. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी एक निराळी मानाची नोंदणी निघाली आहे. तिचे शुल्क वीस हजार, आणि क्रमांकात निराळी अक्षरे. परंतु त्या मानाची किंमत अशी की, गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, शर्यतीचा मेळावा, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावयाची. मित्रांनी ती नोंदणी घेण्याचा आग्रह केला. मी साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करून घेतले. आजोबांची अट गाडी चालली पाहिजे अशी होती. काचेच्या कपाटात बसली पाहिजे अशी नव्हती.

मूळ इंजिनाच्या पुनरुज्जीवनाला सव्वा वर्ष लागले. चार सिलिंडरांचे, सुमारे दोन हजार दोनशे घनसेंटिमीटरचे, साठ अश्वशक्तीचे हे यंत्र. त्याच्या झडपा वरच्या डोक्यात नसून बाजूला ठोकळ्यातच असतात. त्यामुळे त्याचे डोके म्हणजे निव्वळ एक झाकण, आणि ते खेड्यातल्या झाडाखालीही उघडता येते. लेथवर सिलिंडरांना बोरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन घातले. ह्याच घराण्यातले पुढचे इंजिन आपल्याकडच्या जीपांत कित्येक वर्षे बसत असे आणि दोघांचे खालचे अंग बरेचसे एकच. त्यामुळे काही सुटे भाग मुंबईच्या चोरबाजारात आणि काही हैदराबादेत सापडले. खरी अडचण निघाली ती पेट्रोलची. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही. पंपाचा पडदा आणि साऱ्या नळ्या नव्या घ्याव्या लागल्या. ते इथेनॉल उसापासूनही होते, आणि लातूर भागातल्या रानांत ऊस किती आहे हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या शिवारात जीप गंजत पडली त्याच शिवाराचा रस आता तिच्या पोटात जातो, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या गाडीची रचना पाहिली म्हणजे ती करणाऱ्याच्या विचारी स्वभावाचे कौतुक वाटते. पुढच्या दोन्ही दिव्यांना बिजागिरी आहे. एक पेच सैल केला की दिवा आत वळतो आणि अंधारात इंजिनावरच प्रकाश पाडतो. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली, म्हणून पंपावर चालकाला आधी उठून उभे राहावे लागते. इंधनाचा असा मान राखणारी दुसरी गाडी मी पाहिलेली नाही. पुढची काच बॉनेटवर आडवी निजवता येते. आम्ही मात्र तिच्यात सुखासाठी थोडे फेरफार केले. चढावयास एक पायरी, मेमधल्या उन्हासाठी कापडी टप, चौघांना पट्टे, आणि डब्यांसाठी मागे एक पत्र्याची पेटी. पायरी सौभाग्यवतींच्या आज्ञेवरून झाली, आणि ती पेटी सर्वांत आधी वापरात आली, हे नमूद केले पाहिजे.

माझा विद्यार्थी ह्या बाबतीत माझ्याहून पुढचा. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर डबवाली म्हणून गाव आहे. जुन्या जीपा नटवण्याचा तेथे मोठाच बाजार चालतो. रुंद चाके, चकचकीत नळ्या, दणदणीत गाणी. ती चित्रे मोबाइलवर दाखवून तो मला म्हणे, “सर, मोठी टायरं तरी घालू.” त्याच्या हौसेला मी हसलो नाही. हौस ही तरुणपणी नव्याची आणि उतारवयात जुन्याची असते, एवढाच आमच्यातला भेद. परंतु त्याने आणखी एक गोष्ट मागितली, आणि ती मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. त्याला बॉनेटवर तो पांढरा पाच कोनांचा तारा हवा होता, आणि मागे एक लाकडी मशीनगन. दोस्त सैन्याच्या गाड्यांवर तो तारा असे हे खरेच. गावात सर्वांचा असा समज की ही पोलीस अ‍ॅक्शनमधली जीप. कागदपत्रांत त्याला आधार नाही. पण समज दृढ आहे, आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, ती सजवून मिरवावी अशी पोरांची इच्छा होती.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेने निजामाच्या राज्यात शिरले. १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. आजोबा तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. रझाकारांच्या भीतीने ज्या घरांतल्या बायकामुलांना सरहद्दीपलीकडे पोहोचवले होते, त्यांतले त्यांचे एक घर. परत आल्यावर लातूरच्या रस्त्याने जाणाऱ्या लष्करी गाड्यांवर आपण झेंडूची फुले फेकली, हे ते आजही उभे राहून सांगतात. त्यांच्यापुरते मोटारीचे घरघरणे म्हणजे सुटकेचा आवाज. त्या आठवणीला खोटे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

ताऱ्याची गोष्ट मी उस्तादांच्या कानांवर घातली. ते काब्रेटर साफ करीत होते. हात न थांबवता म्हणाले, “सर, गाडी तुमची. सांगाल ते काढतो.” थोड्या वेळाने पुढे म्हणाले, “आमचे दादा लातूरचे. अठ्ठेचाळीसला रातोरात निघाले. आधी हैदराबाद, मग नांदेड. लातूरला पुन्हा कधी गेले नाहीत. आम्हालाही कधी नेले नाही.” एवढे बोलून त्यांनी काब्रेटर उजेडात धरला आणि आत फुंकर घातली.

त्या सप्टेंबरनंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत जे घडले त्याची चौकशी करण्यासाठी नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल ह्यांची समिती पाठवली होती. तिचा अहवाल पुष्कळ वर्षे प्रसिद्ध झाला नाही. आता तो वाचावयास मिळतो. रझाकारांनी केलेले जुलूम कोणी नाकारीत नाही. परंतु त्यांचा सूड ज्यांवर उगवला गेला ती बहुतांशी निरपराध माणसे होती. सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि रझाकारांचा पुढारी कासिम रझवी ह्याचेच ते गाव. तेथे ही हत्या वीस दिवसांहून अधिक चालली, असे अहवालात नमूद आहे. सैनिकांनी काही ठिकाणी लोकांचे रक्षण केले आणि काही ठिकाणी ते स्वतःच ह्या कृत्यांत सामील झाले, हेही त्यात लिहिले आहे. एकाच मोटारीच्या आवाजाने एका घराने फुले बाहेर काढली आणि दुसऱ्या घराने गाठोडे बांधले. दोन्ही घरांतली माणसे आज ह्या एका जीपशी जोडली गेली आहेत. एकाने ती सांभाळली, दुसऱ्याने ती जिवंत केली.

तारा काढावयाचा नाही असे मी ठरवले. विद्यार्थ्याला मी अहवालाची प्रत वाचावयास दिली. त्याने ती दोन दिवसांनी परत केली आणि मशीनगनचा विषय पुन्हा काढला नाही. १७ सप्टेंबरला जीप गावात गेली; आजोबा पुढे बसले होते आणि तिच्यावर झेंडूच्या फुलांखेरीज काही नव्हते. त्यांच्या आनंदात त्यामुळे काही उणे पडल्याचे मला दिसले नाही.

लांबच्या प्रवासाची पहिली परीक्षा मात्र त्याच्या आधीच झाली होती. नांदेडहून लोहा, अहमदपूर करीत लातूर. दीडशे किलोमीटरांच्या आतबाहेरची वाट. उस्ताद म्हणाले, “सर, पहिल्यांदा मीच नेतो. आवाज ऐकत जावे लागेल.” वाटेत तीनदा थांबून त्यांनी पाणी पाहिले, एकदा पाट्यांचे बोल्ट आवळले. लातूरला पोहोचल्यावर ते मला म्हणाले, “दादा गोलाईचे नाव फार घेत.” मी रस्ता दाखवला. गंजगोलाईच्या वर्तुळाला सोळा रस्ते येऊन मिळतात. संध्याकाळची गर्दी होती. हातगाडे, रिक्षा, आवाज. उस्तादांनी त्या गर्दीतून हळूहळू एक फेरी घातली, मग दुसरी. पोरे नऊ फटींच्या जाळीकडे बोटे दाखवीत होती. कोणत्या रस्त्यावर आजोबांचे घर होते ते त्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांनी कोणाला विचारलेही नाही. दुसरी फेरी पुरी झाल्यावर गाडी कडेला घेऊन त्यांनी सुकाणू माझ्या स्वाधीन केले आणि म्हणाले, “आवाज बरोबर आहे.”

त्यानंतरच्या वेळ अमावस्येला आम्ही सारेच औशाला गेलो. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना हा सण कदाचित अपरिचित असेल. पौषाच्या सुमारास लातूर-धाराशिवकडची गावेच्या गावे ओस पडतात. जो तो शेतावर. कडब्याच्या कोपीत पांडव मांडून पूजा होते; भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातले आंबील. शेत नसलेल्यालाही कोणी तरी आपल्या शेतावर ओढून नेतो. त्या दिवशी जीपने गावातून शिवाराकडे किती खेपा केल्या ते मोजले नाही. मागच्या आकड्याला पोरांनी चुलत्याची हातगाडी बांधली. काळ्या मातीच्या ओल्या बांधावर तिने दुसरा दांडा ओढताच चारही चाकांनी जमीन धरली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनीसुद्धा टाळी वाजवली. उस्तादांची नात काच निजवून पुढे बसली होती आणि आजोबा तिला आंबील कसे प्यावयाचे ते शिकवीत होते.

आयसेनहॉवर ह्यांनी १९४८ सालीच प्रसिद्ध झालेल्या आपल्या युद्धविषयक ग्रंथात, ज्या साधनांवाचून विजय कठीण झाला असता अशांत जीपची गणना केली आहे. आणि त्यांतले एकही साधन प्रत्यक्ष लढाईसाठी घडवलेले नव्हते ह्याचे नवलही नोंदवले आहे. मला त्यात नवल वाटत नाही. जीपचे काम माणसे नेण्याचे. तिच्यात कोण बसतो आणि तो कोठे निघाला आहे, ह्याचा निर्णय तिच्याकडे कधीच नव्हता. तो ज्याच्या हाती सुकाणू असते त्याच्याकडे असतो. जुनी लष्करी गाडी केवळ मौजेसाठी बाळगणे हा पोरखेळ नव्हे काय, असे एका सहकाऱ्याने मला परवा विचारले. त्यांना मी पुढच्या वेळ अमावस्येचे निमंत्रण देऊन ठेवले आहे. मागची बैठक थोडी टणक आहे, एवढी पूर्वसूचनाही दिली आहे.